जखम कोपराशी की मनगटाशी?

बंगळुरूच्या दक्षिणेकडे, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा आहे. यंत्रांची मोठी औद्योगिक वसाहत आणि डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेली नारायण हेल्थ सिटी इथे जवळजवळ नांदतात. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोडपासून निघणारी मेट्रोची पिवळी मार्गिका इथपर्यंत आली. या गाडीत जाताना डाव्या हाताला दिसणारा कारखाना परतताना उजव्या हाताला येतो, पण त्याची पूर्व-पश्चिम काही बदलत नाही. शरीररचनाशास्त्रालाही पाहणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून नसलेल्या अशाच दिशा लागतात. त्या केवळ परीक्षेपुरत्या पाठ करायच्या संज्ञा मानल्या जातात, हे मला चुकीचे वाटते. चेतापेशी कशी काम करते आणि तुटल्यावर तिचे काय होते, हे या दिशांवाचून नीट सांगताच येत नाही.

‘वर, खाली, आत, बाहेर’ हे साधे शब्द का पुरत नाहीत, असे कोणी विचारील. रुग्ण पालथा झोपला की पाठ वर येते, आणि हात डोक्यावर नेला की बोटे खांद्याच्या वर जातात. म्हणून शास्त्राने एक ठरावीक उभे राहणे पक्के केले : माणूस ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला आणि तळवे पुढे. या स्थितीत शरीराच्या मध्यरेषेकडची बाजू मीडिअल, तिच्यापासून लांबची लॅटरल. हातापायांत धडाकडचा भाग प्रॉक्सिमल आणि टोकाकडचा डिस्टल. तळवे पुढे धरण्याची अट उगाच नाही. तळवा मागे वळवला की अंगठा मांडीकडे येतो आणि करंगळी बाहेर जाते. अट पाळली, तर अंगठा कायम लॅटरल आणि करंगळी कायम मीडिअल राहते. मग माणूस कसाही बसलेला वा झोपलेला असो, ‘मनगट कोपराच्या डिस्टल आहे’ या वाक्याचा अर्थ बदलत नाही.

आता चेतापेशीकडे वळू. तिचे तीन भाग : संदेश घेणाऱ्या वृक्षिका, केंद्रक असलेली पेशीकाया आणि संदेश दूर नेणारा अक्षतंतू. विश्रांतीच्या वेळी पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. पुरेशी चेतना मिळाली की पडद्यातली दारे उघडून सोडिअमचे आयन आत घुसतात, दाब उलटतो आणि ही लाट शेजारच्या भागाला जागे करत पुढे सरकते. जाड मायेलिनचे वेष्टन असलेल्या तंतूत तिचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे जातो. पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो, पण त्याला पोसणारी पेशीकाया मात्र पाठीच्या कण्यापाशी असते. म्हणजे हातापायांत प्रॉक्सिमल या शब्दाचा अर्थ ‘पोषणाच्या उगमाकडे’ असाही होतो.

याचा पुरावा शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये दिला. मज्जातंतू कापला की पेशीकायेपासून तुटलेला डिस्टल भाग झडून जातो, प्रॉक्सिमल भाग मात्र टिकतो. शस्त्रक्रियेने टोके जुळवली, तर या टिकलेल्या टोकातून नवा अंकुर रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. यंत्रावर काम करणाऱ्याच्या हाताला जखम झाली, तर हिशेब सरळ आहे. तंतूला दहा सेंटिमीटर जायचे असेल तर सुमारे शंभर दिवस, चाळीस सेंटिमीटर जायचे असेल तर वर्षाहून अधिक. तोवर चेतनेविना राहिलेले स्नायू सुकत जातात. म्हणून तितक्याच खोल दोन जखमांपैकी कोपराजवळची मनगटाजवळच्या जखमेपेक्षा अधिक घातक ठरू शकते.

इथे एक खरा आक्षेप येतो. अक्षतंतूला मधोमध चेतना दिली तर लाट दोन्हीकडे धावते. मग त्याला दिशा आहे असे कसे म्हणायचे? उत्तर असे की शरीरात लाट सहसा एका टोकालाच सुरू होते, आणि ती जिथून गेली तो भाग क्षणभर पुन्हा चेतत नाही, म्हणून ती मागे फिरत नाही. शिवाय दोन पेशींमधल्या अतिसूक्ष्म फटीत रासायनिक संदेश मुख्यतः एकाच बाजूने सोडला जातो. उलट वाहतूकही असतेच. तंतूच्या टोकाकडून पेशीकायेकडे पदार्थ सतत नेले जातात. रेबीजचा विषाणू नेमकी हीच वाट पकडून चाव्याच्या जागेपासून मेंदूकडे सरकतो. म्हणून चेहऱ्यावरचा चावा पायावरच्यापेक्षा लवकर घात करू शकतो, आणि म्हणूनच कुठलाही चावा लगेच साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लस घेणे अत्यावश्यक आहे. दिशा दोन आहेत, एवढ्याने दिशेचे महत्त्व कमी होत नाही. उलट कोणती दिशा, हे सांगणे अधिक गरजेचे होते.

याच होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र्याच्या उत्तरेला निम्हान्स आहे. मेंदू आणि मज्जासंस्थेवर तिथे मोठे काम चालते. बोम्मसंद्र्यात रुग्णाच्या जखमेविषयी लिहिलेला कागद तिथे वाचला जातो, तेव्हा वाचणाऱ्याने जखम पाहिलेली नसते. ‘हाताला जखम’ एवढेच लिहिले असेल, तर रुग्णाने किती महिने वाट पाहायची हे त्या कागदावरून कळत नाही. ‘कोपराच्या डिस्टल, मीडिअल बाजूला’ असे लिहिले असेल, तर करंगळीकडे जाणारा तंतू दुखावला असावा आणि त्याला केवढे अंतर पुन्हा चालायचे आहे, याचा अंदाज जखम पाहण्याआधीच बांधता येतो.