घर परदेशातले, भाग ६ : ऑप्शन गेलेल्या फ्लॅटसाठी थांबावे का?

चोआ चू कांगमध्ये जुना फ्लॅट शोधणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला एक अनुभव हमखास येतो. फोर-रूम फ्लॅट, म्हणजे सिंगापूरच्या हिशेबात तीन बेडरूम आणि एक हॉल, मनात भरतो. एमआरटीचे (मेट्रोचे) स्टेशन चालत गाठता येते, लॉट वन मॉल जवळ, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, बजेटही जुळते. आणि नेमका एजंटचा निरोप येतो: मालकाने कालच दुसऱ्या कुणाला ऑप्शन (ठरावीक मुदतीत घर विकत घेण्याचा हक्क) दिला. अशा वेळी ‘आमचीही ऑफर नोंदवून ठेवा, पहिला सौदा फिसकटला तर आम्ही आहोत’ असे सांगण्यात काही अर्थ आहे का?

अमेरिकेत याला रीतसर कायदेशीर रूप आहे. दुसरा ग्राहक ‘बॅकअप ऑफर’ लिहून देतो, मालक तिच्यावर सही करतो आणि पहिला करार मोडला की दुसरा पुढे सरकतो. इंग्लंडमध्ये करारांच्या प्रतींची देवाणघेवाण होईपर्यंत कुणीच कुणाला बांधील नसते. त्यामुळे ठरलेल्या सौद्यात ऐनवेळी चढी बोली लावून घर पळवणे, ज्याला तिथे गझम्पिंग म्हणतात, लोकांना कितीही खटकले तरी बेकायदा ठरत नाही. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत, म्हणजे एचडीबीच्या फ्लॅटांत, यातले काहीच चालत नाही.

तिथला सौदा एचडीबीने ठरवून दिलेल्या ऑप्शनच्या नमुन्यावरच होतो. ग्राहक १ ते १,००० डॉलरच्या दरम्यान ठरेल ती ऑप्शन फी मालकाला देतो आणि त्या बदल्यात त्याला २१ दिवस मिळतात. शनिवार, रविवार, सुट्ट्या सगळे धरून २१. शेवटच्या दिवशी दुपारी ४ वाजता मुदत संपते. तोवर मालकाला दुसऱ्या कुणाला ऑप्शन देता येत नाही. ग्राहकाने या काळात सौदा पक्का केला, तिथल्या भाषेत ऑप्शन ‘एक्सरसाइज’ केला, की आणखी रक्कम द्यावी लागते. ती ऑप्शन फीसह ५,००० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही. वेगळा खासगी कागद करून दुसऱ्या ग्राहकाचा नंबर लावण्याची सोय या चौकटीत नाही.

मग विषय संपला का? नाही. या २१ दिवसांत मालक पुरता बांधलेला असतो, ग्राहक मात्र जवळजवळ मोकळा असतो. सहा लाखांच्या फ्लॅटवर हजार डॉलर म्हणजे किमतीच्या पाव टक्काही नव्हे. तेवढे सोडून दिले की तो सुटला. खासगी कॉन्डोत ऑप्शन फी साधारणपणे किमतीच्या १ टक्का असते आणि मुदत बहुधा १४ दिवसांची. बारा लाखांच्या कॉन्डोतून माघार घ्यायची तर बारा हजारांवर पाणी सोडावे लागते. तिथे माणूस आधी दहादा विचार करतो. एचडीबीत ‘ऑप्शन दिला’ हे ऐकून निराश होणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतला पाहिजे. ऑप्शन दिला म्हणजे घर विकले गेले, असे नाही.

पहिला ग्राहक मागे का फिरतो? बहुतेकदा व्हॅल्युएशनमुळे, म्हणजे फ्लॅटच्या अधिकृत मूल्यांकनामुळे. मार्च २०१४ पासून तिथे आधी किंमत ठरते, ऑप्शन घेतला जातो आणि मग कर्ज किंवा सीपीएफचे, म्हणजे सक्तीच्या निवृत्ती बचतीचे, पैसे वापरणारा ग्राहक पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत एचडीबीकडे व्हॅल्युएशनसाठी अर्ज करतो. समजा, फ्लॅट ६,२०,००० डॉलरला ठरला आणि व्हॅल्युएशन आले ५,९०,०००. वरचे ३०,००० रोखच द्यावे लागतात. त्यासाठी ना कर्ज मिळते, ना सीपीएफमधून काढता येतात. बँकेचे कर्ज जास्तीत जास्त ७५ टक्के आणि तेही व्हॅल्युएशनच्या रकमेवर, म्हणजे ४,४२,५००. शिवाय किमान ५ टक्के रोख हवेत, ते २९,५००. म्हणजे हातात जवळपास साठ हजार रोख नसतील तर घर कितीही आवडलेले असो, २१ दिवसांत गणित कोलमडते. नवरा-बायको दोघेही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, असतील तर पहिल्या घरावरही ५ टक्के जादा मुद्रांक शुल्क लागते, या किमतीला ३१,००० डॉलर. ऑप्शन एक्सरसाइज करण्याआधी बँकेचे ऑफर लेटर हातात असावे लागते, आणि पगार नुकताच बदललेला असला, गाडीचे कर्ज डोक्यावर असले, तर ते लेटर अडकते.

मराठी कुटुंबासाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: वांशिक कोटा. १ मार्च १९८९ पासून एचडीबीच्या प्रत्येक वसाहतीत आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय आणि ‘भारतीय व इतर’ यांच्या प्रमाणाला मर्यादा आहे. ‘भारतीय व इतर’ गटासाठी ती २०१० पासून वसाहतीत १२ टक्के आणि ब्लॉकमध्ये १५ टक्के आहे. त्याच वर्षी मलेशियन नसलेल्या पीआर कुटुंबांसाठी वेगळा कोटा आला, वसाहतीत ५ आणि ब्लॉकमध्ये ८ टक्के. दोघेही पीआर असलेल्या पुण्याच्या जोडप्याला हे दोन्ही कोटे पार करावे लागतात. आणि पीआर मिळून तीन वर्षे झाल्याशिवाय रिसेल, म्हणजे जुना, फ्लॅट घेताच येत नाही, ही अट वेगळीच.

ब्लॉकचा भारतीय कोटा भरलेला असेल तर भारतीय ग्राहकाला तिथे भारतीय मालकाचाच फ्लॅट घेता येतो, कारण तशा व्यवहाराने प्रमाण बदलत नाही. हे आकडे दर महिन्याच्या १ तारखेला नव्याने लागू होतात. म्हणून ज्या फ्लॅटसाठी दुसऱ्या नंबरवर थांबायचे, त्याचा कोटा आधी तपासावा. आज मोकळा असलेला ब्लॉक पुढच्या महिन्यात बंद होऊ शकतो. बंद असलेला उघडूही शकतो. कोट्यात बसतच नसेल तर पहिला ग्राहक गेला काय आणि राहिला काय, काही उपयोग नाही. एजंटने ‘होऊन जाईल’ म्हटले तरी एचडीबीच्या संकेतस्थळावर ब्लॉक क्रमांक टाकून स्वतः खात्री करावी. त्याला काही मिनिटेच लागतात.

तयारीची दुसरी बाजू म्हणजे एचएफई पत्र. मे २०२३ पासून पात्रता, अनुदान आणि एचडीबी कर्जाची मर्यादा सांगणारे हे पत्र असल्याशिवाय ऑप्शन घेता येत नाही, आणि ते मिळायला काही आठवडे लागतात. मालकाचा ऑप्शन २१व्या दिवशी मोकळा झाला आणि दुसऱ्या कुटुंबाने तोवर अर्जच केला नसेल, तर ते रांगेत नाहीच असे समजावे. पत्र तयार असलेला तिसरा कुणी येऊन घर घेऊन जाईल आणि मालकाला त्यात काही वावगे वाटणार नाही.

पैसे मात्र कुणालाही द्यायचे नाहीत. ‘थोडे टोकन द्या, मी तुमच्यासाठी धरून ठेवतो’ असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबावे. सिंगापुरात मालमत्तेच्या खरेदी-विक्रीचे पैसे हाताळायला एजंटला बंदी आहे. मालकाला जास्त रकमेचे आमिष दाखवून चालू ऑप्शन मोडायला लावण्याच्या फंदातही पडू नये. १८५३ मध्ये लंडनमध्ये योहाना वाग्नर या गायिकेला लम्ली यांच्या थिएटरशी केलेला करार मोडायला लावणाऱ्या गाय या व्यवस्थापकावर खटला झाला. दुसऱ्याचा करार जाणूनबुजून मोडायला लावणाऱ्याकडे भरपाई मागता येते, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. सिंगापूरचा कायदा याच परंपरेतला आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना इथे सावध करावेसे वाटते, कारण आपल्याकडे विसार पावतीच्या व्यवहारात ‘बघू, पहिल्याचे काय होते ते’ असे म्हणून दुसऱ्याकडूनही पैसे घेणारे मालक भेटतात. पुण्या-ठाण्यातही हे धोक्याचेच आहे. पहिल्या कराराची माहिती असूनही खरेदी करणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाला १९६३ चा विशिष्ट अनुतोष कायदा संरक्षण देत नाही, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार जसाच्या तसा पुरा करून मागण्याची पहिल्या ग्राहकाची बाजू आणखी भक्कम झाली आहे. वर्तमानपत्रातल्या वकिलांच्या जाहीर नोटिसा लोक पाहत नाहीत आणि मग वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

तेव्हा चोआ चू कांगच्या त्या फ्लॅटसाठी थांबावे, पण मुदत ठरवून. ऑप्शन कोणत्या तारखेला दिला हे एजंटला विचारून घ्यावे, २१वा दिवस कॅलेंडरवर लिहावा, आपली किंमत आणि एचएफई पत्र तयार असल्याचे लेखी संदेशाने कळवावे आणि बाकीची घरे पाहत राहावे. पहिल्याने माघार घेतलीच तर कारण विचारावे. व्हॅल्युएशन कमी आल्यामुळे तो गेला असेल, तर तीच किंमत आपण का द्यावी, हा प्रश्न लगेच मालकापुढे ठेवता येतो आणि घासाघीस करायला दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त वाव मिळतो. आणि ऑप्शन एक्सरसाइज झाल्याचे कळले, तर ते घर यादीतून काढून टाकावे. त्यानंतर एचडीबीने अर्ज स्वीकारल्यापासून ताबा मिळेपर्यंत साधारण आठ आठवडे जातात. तेवढा काळ आशा लावून बसण्याइतके त्या घरात काही उरलेले नसते.

(पुढील भागात : किमतीआधी व्हॅल्युएशन का मिळत नाही, आणि शेजारच्या व्यवहारांवरून अंदाज कसा बांधावा)