प्रत झाली खरी, पण ती खरी झाली का?



रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात पाताळगंगा नदीच्या काठी रसायनी नावाची वसाहत आहे. नावातच रसायन आहे, तेव्हा तेथे काय चालत असेल हे सांगायला नको. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. या कारखान्यात नायट्रोजन टेट्रॉक्साइड नावाचे एक द्रव तयार होऊ लागले. इस्रोच्या अग्निबाणांतील इंधनाला जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन हे द्रव पुरवते. २०१७ मध्ये येथील तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला, तेव्हाही हा एक विभाग मात्र इस्रोकडे सोपवायचे ठरले, इतके त्याचे महत्त्व!

आता मला सांगा, असे द्रव नीट तयार झाले हे कसे ठरवायचे? ठरलेली वेळ भरली, यंत्रावर हिरवा दिवा लागला, एवढ्यावर कोणी ते अग्निबाणात भरील काय? मुळीच नाही. आधी त्याचा नमुना काढतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. यंत्र म्हणते "काम झाले", प्रयोगशाळा सांगते "काम बरोबर झाले". या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र भलेभले लोक हे अंतर विसरतात. ते कसे, हे आज आपण पाहू.

रात्रीचे नक्कलकाम

अनेकांची माहिती एका ठिकाणी साठवणारा आणि जो मागेल त्याला ती देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. शाळेचे निकाल, कामगारांच्या वैद्यकीय तपासणीच्या नोंदी, बँकेतील खाती हे सारे आज सर्व्हरवर असते. त्याची चकती केव्हा बिघडेल याचा नेम नाही. म्हणून रोज रात्री सगळ्या माहितीची दुसरी प्रत आपोआप काढून ठेवतात. हाच बॅकअप. सकाळी पडद्यावर संदेश दिसतो, "काम यशस्वीपणे पूर्ण", आणि सगळे निर्धास्त होतात.

पण हा संदेश चुकीचा असू शकतो. कसा, ते कर्जतकडच्या भाताच्या खळ्यावर जाऊन पाहू. एक गडी पोती भरतो आणि दुसरा ती शिवतो. भरणारा अर्ध्यातच निघून गेला, तरी शिवणारा हाती आलेले अर्धे पोते व्यवस्थित शिवून टाकतो. मालकाने फक्त शिवणाऱ्याला विचारले, "झाले का रे?" तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, "झाले!" संगणकातही एक आज्ञावली फायली वाचते आणि दुसरी त्या आवळून बांधते. पुष्कळदा मुख्य आज्ञावली फक्त शेवटच्या गड्याचे उत्तर ऐकते. मग अर्धीच प्रत "यशस्वी" ठरते.

रिकामे कोठार

याहून वाईट गोष्ट म्हणजे काहीच निरोप न येणे. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या संगणक-तज्ज्ञांचे काम आपल्या सर्व्हरवर सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरील माहिती चुकून पुसली गेली. प्रती घेण्याच्या एक सोडून अनेक सोयी कंपनीकडे होत्या. पण रोजची प्रत जेथे साठायची ते कोठार उघडून पाहतात तो काय, ते रिकामे! प्रत घेणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती जुनी होती आणि माहितीच्या भांडाराची नवी. त्यामुळे नक्कलकाम सुरू होताच बंद पडत होते. बिघाडाची सूचना देणारी ई-पत्रेही निघत होती, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्यामुळे ती वाटेतच नाकारली जात होती. कोणाला काही कळले नाही आणि सर्वांना वाटले, तक्रार नाही म्हणजे सारे ठीक आहे.

सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत हाताने घेतलेली होती. तिच्यावरून माहिती परत मिळाली. मधल्या सहा तासांत लिहिलेले मात्र कायमचे गेले. त्यात सुमारे ५,००० टिप्पण्या आणि ७०० नव्या सभासदांच्या नोंदी होत्या.

यावरून पहिला धडा असा, की "बिघाड झाला तर कळवा" एवढे सांगून भागत नाही. "काम झाले" हा निरोप रोज आला पाहिजे, आणि तो आला नाही तर तोच बिघाड समजून चौकशी केली पाहिजे.

तीन कसोट्या

निरोप आला. आता तो खरा आहे का ते तपासू.

पहिली कसोटी आकाराची. समजा, रोजची प्रत ४१२, ४१३, ४१३, ४१४ मेगाबाइट अशी हळूहळू वाढते आहे आणि आज ती एकदम २० मेगाबाइट भरली. संदेश काहीही म्हणो, पोते अर्धे आहे हे उघड आहे.

दुसरी कसोटी बेरजेची. चार मुलांचे गुण ७२, ५८, ९१, ६४ आहेत. त्यांची बेरीज २८५. नकल करताना ५८ चे ८५ झाले तर बेरीज ३१२ येते आणि चूक पकडली जाते. पण पहिल्या दोन मुलांच्या गुणांची अदलाबदल झाली तर? बेरीज २८५ च राहते! म्हणून प्रत्येक संख्येला तिच्या क्रमांकाने गुणू. ७२×१ + ५८×२ + ९१×३ + ६४×४ = ७१७. अदलाबदल झालेल्या यादीची हीच बेरीज ७३१ येते. चोर सापडला! संगणक अशीच, पण कितीतरी गुंतागुंतीची आकडेमोड करून संपूर्ण फाईलचा एक "ठसा" काढतो. प्रचलित पद्धतीत हा ठसा २५६ बिटांचा असतो. असे २ चा २५६ वा घात इतके निरनिराळे ठसे संभवतात, आणि ती संख्या ७८ अंकी आहे! फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. मूळ फाईल आणि प्रत यांचे ठसे जुळले, तर नक्कल बिनचूक झाली असे समजायला हरकत नाही.

पण थांबा! मूळ फाईलच अर्धवट लिहिलेली असताना तिची नक्कल झाली असेल तर? ठसे जुळतील, पण फाईल निरुपयोगीच राहील. किंवा प्रतीला सांकेतिक कुलूप घातले आणि त्याची किल्ली त्याच बिघडलेल्या सर्व्हरवर राहिली तर? म्हणून तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. प्रत दुसऱ्या मोकळ्या संगणकावर उतरवायची, उघडायची आणि तिच्याकडून खरे काम करून घ्यायचे. दहावीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा निकाल त्यातून काढून बघायचा. हाच प्रयोगशाळेत नेलेला नमुना.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये लिहिली गेली. पुढे हातोहात नकला होताना तिच्यात पाठभेद शिरले. तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती पुष्कळ होत्या, पण त्या पडताळणारा मनुष्य जवळजवळ तीनशे वर्षांनी भेटला!

एकाच छपराखाली नको

जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेला महापूर आला आणि पाणी नदीकाठच्या रिलायन्सच्या कारखान्यात शिरले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य कागदपत्रे जळाली. पूर आणि आग मूळ कोणते नि प्रत कोणती हे विचारत नाहीत. तपासून खरी ठरलेली एक प्रत म्हणूनच दूरच्या गावी हवी.

करून पाहा

पुस्तकाच्या मागील बाजूचा १३ अंकी आयएसबीएन क्रमांक घ्या. त्यातील अंकांना क्रमाने १, ३, १, ३ असे गुणून बेरीज करा. तिला १० ने निःशेष भाग जातो की नाही ते पाहा. मग एक अंक मुद्दाम बदलून पुन्हा करा.

आणि घरातील कोणाच्या फोनमधले फोटो दुसरीकडे साठवले असतील, तर त्यांतला एक जुना फोटो आजच त्या दुसऱ्या ठिकाणाहून परत आणून दाखवायला सांगा. उघडला तर उत्तम. नाही उघडला, तरी मूळ फोटो अजून फोनमध्ये आहे तोवरच ते कळलेले बरे!