दीर्घकालीन थकव्याचा विकार आणि घरची मंडळी

सहा महिने उलटले तरी विश्रांतीने न हटणारा थकवा, ताजेपणा न देणारी झोप आणि अल्पशा श्रमानंतर वाढणारा त्रास ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. हा आळस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ सालीच त्याची नोंद मज्जासंस्थेच्या रोगांत केली आहे. मात्र रक्तक्षय, क्षयरोग, मधुमेह यांमुळेही थकवा येत असल्याने त्यांची तपासणी आधी करून घ्यावी.

श्रमाचा परिणाम पुष्कळदा त्याच दिवशी दिसत नाही. सोमवारी विहिरीचे पाणी भरणारी सून बुधवारी अंथरुणातून उठू शकत नाही, आणि सासूबाईंना ते ढोंग वाटते. "जरा हिंडफीर, बरे वाटेल" हा सल्ला सद्हेतूनेच दिला जातो. परंतु ठराविक प्रमाणात व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार अशा रुग्णांस देऊ नये, असे ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली सांगितले.

कामे थोडीथोडी, शक्यतो बसून करू द्यावीत. बरे वाटेल त्या दिवशीही बेतानेच. गोंगाट व पाहुण्यांची वर्दळ कमी ठेवावी. हमखास गुण देणारे औषध अद्याप नाही. झोप व वेदना यांवर मात्र उपचार होतात. कोणत्या कामानंतर किती त्रास झाला हे वहीत टिपून ती वही दवाखान्यात न्यावी.