‘मिटवून घ्या’ म्हणणं हे पोलिसांचं काम नाही



रात्री मारहाण होते, कुणीतरी ११२ला फोन लावतं, गाडी येते. पोलीस नवऱ्याला दटावतात, “नवरा-बायकोचं भांडण, मिटवून घ्या,” म्हणतात आणि निघून जातात. बाई मात्र त्याच माणसापाशी राहते. अशा वेळी कायद्यानं पोलिसांना काय सांगितलंय, ते आज समजून घेऊ.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ५ सांगतं की हिंसेची खबर मिळाली की पोलिसांनी बाईला तिचे हक्क सांगायचे. कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो, खर्चासाठी पैसे मागता येतात. संरक्षण अधिकाऱ्यांची मदत आहे. वकील मोफत मिळतो. शिवाय छळाची फौजदारी तक्रारही करता येते. पूर्वी जे ४९८-अ होतं, ते १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालंय.

बऱ्याचदा ठाण्यात एन.सी. लिहून बोळवण होते. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. कोर्टाच्या हुकमाशिवाय तिचा तपास होत नाही. पण बाईनं स्वतः किंवा तिच्या नातेवाइकानं सासरच्या क्रूर छळाची तक्रार दिली, तर तो गुन्हा दखलपात्र ठरतो. “आधी चौकशी करू,” असं सांगितलं, तर त्या चौकशीला १४ दिवसांचीच मुदत आहे. “गाव आमच्या हद्दीत नाही,” म्हणून परत पाठवता येत नाही. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. नोंद घेतलीच नाही, तर तक्रार लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

“तक्रार केली तर घर सुटेल,” ही भीती आपल्या सगळ्यांना असते. पण घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथं राहण्याचा हक्क याच कायद्यानं बाईला दिलाय. कोर्टाचा हुकूम नसताना तिला बाहेर काढता येत नाही.

शेजारणीनं काय करावं? संरक्षण अधिकाऱ्यांना खबर कुणीही देऊ शकतं. चांगल्या हेतूनं दिली, तर खबर देणारीवर कारवाई होत नाही.

म्हणून गटाच्या वहीत ११२, महिला हेल्पलाइन १८१ आणि आपल्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर लिहून ठेवू. दवाखान्याचा कागद, मारहाणीची तारीख जपायला बाईला सांगू. आणि ती ठाण्यात जाईल, तेव्हा आपल्यातल्या दोघी तिच्यासोबत जाऊ.