धूर जाळणाऱ्या शेगड्या

पौषात ग्वाल्हेरचा पारा रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. चौकाचौकांत अलाव पेटतात आणि लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतही शेगडी बाहेर निघते. या शेगडीला धुराडं नसतं. निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, की ती खोलीत घेतात आणि दार लावून झोपतात. खरा धोका तिथेच आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

थंड देशांत घर तापवायला धुराडं असलेली बंद लोखंडी शेगडी वापरतात. काश्मीर-हिमाचलातली बुखारी त्याच कुळातली. धूर म्हणजे न जळालेलं लाकूडच. तो वाया न घालवता जाळायचा कसा, यावरून या शेगड्यांचे तीन प्रकार पडतात.

धूर पेटायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. नॉन-कॅटॅलिटिक शेगडीत भट्टीच्या विटा लावून आतली उष्णता राखतात आणि वरच्या छिद्रांतून तापलेली हवा सोडतात, मग धूर ज्वाळेतच जळतो. आग मंद केली की मात्र ही युक्ती ढिली पडते. कॅटॅलिटिक शेगडीत धुराच्या वाटेवर पॅलेडियम किंवा प्लॅटिनम या उत्प्रेरकाचा (कॅटॅलिस्टचा) थर दिलेली सिरॅमिकची जाळी असते. तिच्यामुळे २६० अंशांच्या आसपासच धूर जळू लागतो, म्हणून ही शेगडी रात्रभर मंद चालते. पण जाळी नाजूक. काही वर्षांनी ती बदलावी लागते आणि रंगवलेली फळी, प्लास्टिक किंवा दगडी कोळसा जाळला तर त्याआधीच निकामी होते. हायब्रिडमध्ये दोन्ही सोयी असतात; किंमतही तशीच.

अमेरिकेत मे २०२०पासून नव्या शेगडीने चाचणीत, तिच्या पद्धतीनुसार, तासाला सरासरी दोन ते अडीच ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडता कामा नयेत, असा नियम आहे. ग्वाल्हेरला हा हिशेब परका वाटायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या यादीत पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत हे शहर जगात सर्वांत प्रदूषित शहरांत दुसरं होतं. वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. लाकडाच्या धुरातले कणही मुख्यतः याच आकाराचे असतात, आणि हिवाळ्याच्या रात्री ते जमिनीलगतच्या थंड हवेत अडकून राहतात.

माझ्या मते इथे घ्यायचीच तर नॉन-कॅटॅलिटिक घ्यावी. कडाका महिना-दीड महिन्याचा, दुपारी बहुधा ऊन. गरज संध्याकाळी दोन-तीन तास खणखणीत आगीची. रात्रभर मंद जळण्याचे पैसे कशाला मोजायचे? शिवाय खोक्याच्या फळ्यांपासून जुन्या चौकटीपर्यंत हाती येईल ते जाळणाऱ्या घरात ती जाळी टिकणार किती? लाकूड मात्र कुठल्याही शेगडीला सुकंच हवं, ओल वीस टक्क्यांच्या आत. बाभूळ फोडून ठेवली की ग्वाल्हेरचा मे महिना सुकवण्याचं काम फुकट करतो. पुढे पावसापासून झाकायची तेवढी.

अडचण धुराड्याची. स्लॅबला भोक पाडायचं, पाइप गच्चीच्या वर न्यायचा, आणि अरुंद गल्लीत शेजाऱ्याची खिडकी टाळायची. भाड्याच्या घरात तर विचारायलाच नको. अशांनी आपली बिनधुराड्याची शेगडी अंगणात किंवा गच्चीवरच पेटवावी, शेकून घ्यावं, आणि रजईत शिरताना तिला बाहेरच ठेवावं.