रूप बघावं की गुण?

मैत्रिणींनो, मोबाईल घेताना पहिली नजर जाते ती चकाकीवर. पण या रूपापायी काय काय गमवावं लागतं?

२००३ चा नोकिया ११०० आठवतो? दिसायला साधाच, पण धूळ न शिरणारा कीपॅड, हातातून न निसटणारी पकड आणि वर टॉर्च! पुढे २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस-५ चं प्लॅस्टिकचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी घरीच बदलता यायची. २०१५ च्या एस-६ ला काचेची पाठ आली. ती चिकटवलेली, तापवल्याशिवाय निघत नाही. मेमरी कार्डची जागाही गेली. २०१६ च्या एस-७ मध्ये कार्ड परत आलं. बॅटरी मात्र आतच राहिली.

अशी बॅटरी दमली, की कळंबच्या बाईने कामाचा दिवस मोडून बारामती गाठायची! शिवाय काच फुटू नये म्हणून कव्हर घातलं, की चकाकी झाकलीच.

तेव्हा दुकानात बिनधास्त विचारा : बॅटरी बदलायला किती खर्च येईल? कार्ड बसतं का? धूळ-पाण्याला टिकेल का? साडी घेताना आपण पोत बघतो, रंग जाईल का विचारतो. मग हजारोंच्या फोनचं नुसतं रूपच का बघायचं?