तुरीची रानातली भावकी

तूर फुला-शेंगांवर आली आणि आभाळ भरून आलं, की विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. शेंगा पोखरणारी घाटेअळी अशाच दिवसांत माजते. डोकं शेंगेत, धड बाहेर, अशा थाटात ती दाणे फस्त करते आणि फवारणीचा पंप पुन्हा पाठीवर चढतो. त्याच सुमारास माळावरच्या गवतात रानतुरीचा वेल उभा असतो. त्रिदली पानं, पिवळी फुलं आणि बोटाच्या पेराएवढ्या केसाळ शेंगा. शास्त्रीय नाव कजानस स्कॅराबिऑइडिस.

तिच्या शेंगा भिंगाखाली धरल्या की फरक कळतो. आपल्या तुरीच्या शेंगेवरचे काही केस ग्रंथीवाले असतात आणि त्यांतून पाझरणारा स्राव अळीला खायला उलट प्रवृत्तच करतो. रानतुरीच्या शेंगेवर ग्रंथी नसलेल्या केसांची दाट लव असते. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीचं तोंड सालीपर्यंत पोचतच नाही.

हजारो वर्षं माणसाने तुरीत न तडकणारी शेंग, टपोरा दाणा आणि भरघोस उत्पन्न एवढंच निवडलं. या निवडीत बाकीचे कितीतरी गुण मागे पडले. ते भावकीने राखले.

हैदराबादजवळच्या पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तुरीचा संकरित वाण काढण्याचा ध्यास तिथल्या पैदासकारांनी घेतला होता. त्यासाठी परागच नसलेलं, म्हणजे नर-वंध्य झाड मादी म्हणून हवं. 1991 साली आयसीपीएच-8 हा तुरीचा पहिला संकरित वाण आला खरा, पण त्याच्या बीजोत्पादनात मादी ओळींतली निम्मी झाडं पराग असलेली निघत. फुलं उमलताच एकेक झाड तपासून ती उपटावी लागत. एवढी मजुरी कोणाला परवडणार?

वाट रानातून निघाली. पूर्व भारतातल्या डोंगरांत कजानस कॅजानिफोलियस ही तुरीची सर्वांत जवळची रानटी जात आढळते. शेतातली तूर हिच्यापासूनच आली, असं मानतात. डॉ. के. बी. सक्सेना आणि सहकाऱ्यांनी आई रानातली आणि बाप शेतातला असा संकर केला. पेशीद्रव्य आईकडूनच येतं, त्यामुळे रानटी पेशीद्रव्यात तुरीची गुणसूत्रं येऊन बसली आणि सगळी झाडं नर-वंध्य निघाली. उपटायची गरजच उरली नाही. शेजारच्या ओळींतला पराग मधमाश्या वाहून आणतात. याच पद्धतीने तयार झालेला आयसीपीएच-2671 हा संकरित वाण 2010 मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला.

रानातून गुण आणणं मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला, इतकं सोपं नाही. हव्या गुणासोबत बारीक दाणा, तडकणारी शेंग आणि वेलीसारखी वाढही येते. ती झटकायला संकरित झाडाचा तुरीशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. कजानस प्लॅटिकार्पससारखा दूरचा नातलग असेल, तर संकरित गर्भ शेंगेतच मरतो. तो कोवळा असतानाच काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो.

पटनचेरूच्या जनुकपेढीत तुरीचे तेरा हजारांहून अधिक नमुने थंडीत सांभाळले आहेत. पण पेढीतलं बी जिथे थांबलं तिथेच थांबतं. माळावरची रानतूर मात्र बदलत्या पावसाशी आणि नव्या किडींशी आजही झुंजते आहे. सह्याद्रीतही तुरीचे असे नातलग आहेत. दगडखाणी, वणवे आणि तणनाशक त्यांच्या मुळावर उठले आहेत. उद्याच्या डाळीची काळजी असेल, तर जनुकपेढीइतकंच माळरानालाही संरक्षण द्या आणि बांधावर केसाळ शेंगांचा वेल दिसला, तर त्यावर तणनाशक मारू नका.